नंबराच्या बागेतली सवत

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास परवा शेजारच्या अंगणातून आला. शेजारी जावई आले होते, भरिताचा बेत होता. खानदेशात थंडी पडली, कापूस वेचून झाला, की हा वास घरोघरी सुटतो आणि चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या तळहातांना घाम सुटतो. तसाच तो परवा सुटला, मी तो पदराला पुसत होते, आणि नेमकं तेव्हाच सुशीनं विचारलं, "आई, माझ्या वेळी तुला भीती वाटली होती का गं?"

सुशी माझी थोरली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, नववा लागला आहे. मॅट्रिक झालेली मुलगी. दृष्ट काढणं, नवस बोलणं, सगळ्याला हसते. हा प्रश्नही तिनं भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता हसतच विचारला. मी म्हटलं, "छे, भीती कसली." ती "बरं" म्हणाली आणि शेंगा फोडू लागली. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, तर बाईसाहेब दाणे केराच्या सुपात टाकत होत्या आणि टरफलं डब्यात भरत होत्या. ती आत गेल्यावर दाणे वेचून घेतले.

तेव्हापासून मी त्या एका वर्षात जाऊन बसले आहे. घरात वावरते, रेशनचं रॉकेल आणते, सुशीला डिंकाचे लाडू खा म्हणून मागे लागते, पण मन तिकडे बागेत.

धुळं संपलं की लळिंगच्या वाटेवर डाव्या हाताला ही बाग लागते. बाग आपली म्हणायची. एरवी ते जंगलच. जंगलखात्याच्या कुणा साहेबाला हौस आली आणि त्यानं सातपुड्यातली, डांगातली, कुठली कुठली झाडं आणून तिथे लावली. प्रत्येक झाडाला पत्र्याची चकती ठोकली आणि चकतीवर नंबर. म्हणून गावात तिचं नाव पडलं नंबराची बाग. दुसऱ्या बागांत लोक गुलाब बघायला जातात, इथे अंजन, धावडा, सालई, टेंभुर्णी बघायची. खेड्यातला माणूस फाटकाशी थांबून म्हणायचा, हे तर आमच्या बांधावर उभं आहे, याला कैद्यासारखा नंबर कशाला. आमचे हे त्या बागेवर कारकून होते. यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, आणि आता घेतलं तरी ओ कोण देणार. फाटकाला लागून सरकारनं दिलेलं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. त्या घरात मी मार्गशीर्षात लग्न होऊन आले, यांची चौथी बायको म्हणून.

चौथी म्हटलं की लोक दचकतात. माणसं मोजाल तर मी तिसरी. पहिली गंगा, बाळंतपणात गेली, तिच्या माहेरी. दुसरी यशोदा, तीही बाळंतपणात गेली, याच घरात, आतल्या खोलीत. दोघींची मुलंही राहिली नाहीत. मग तिसरेपणावर मुलगी द्यायला कोण धजावणार? धजावला माझा भाऊ. मी जळगावची. आई लहानपणीच गेलेली, भावजयीच्या राज्यात वाढलेली, रंगानं सावळी, त्यात पत्रिकेत मंगळ, आणि वय विशीला टेकलेलं. त्या काळी म्हणजे घोडनवरीच. भावाला तिजवर का होईना, सरकारी नोकरीतला माणूस मिळत होता. तरी बिचाऱ्यानं एक अट घातली. तिसरी बायको लाभत नाही म्हणतात. तेव्हा तिसरं लग्न रुईशी लावा, मग माझी बहीण चौथी होऊ द्या.

ही रीत तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती. दोन बायका गेलेल्या नवऱ्याचं आधी रुईच्या झुडपाशी लग्न लावायचं. भटजी, मुंडावळ्या, अक्षता, सगळं खरंखुरं. रुईला हळदीचं सूत गुंडाळायचं, तिच्या फांदीला काळी पोत बांधायची. ती झाली तिसरी. चौथ्या दिवशी तिला उपटून नदीत सोडायची. तिसरीवर जे काय यायचं ते तिच्यावर येऊन जातं आणि मागून येणारी मुलगी मोकळी होते. सवतीच्या नशिबानं जगायची सोय, दुसरं काय.

आता रुईला काय तोटा? खानदेशात उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, जिथे बघाल तिथे रुई. पण आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, चारचौघांच्या डोळ्यांसमोर रस्त्याकडेला मुलाचं तिसरं लग्न लावायची लाज वाटली. भटजी म्हणाले, पांढऱ्या फुलांची रुई मिळाली तर फारच उत्तम. पांढरी रुई बागेतच होती, घरापासून हाकेच्या अंतरावर, कांडोळाच्या झाडाखाली. एका रविवारी सकाळी तिथे लग्न लागलं. दहीभाताचा नैवेद्य झाला. सगळे घरी आले. आणि चौथ्या दिवशी उपटायची वेळ आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या सुनेच्या बुंध्याशी पत्र्याची चकती आहे. नंबरी झाड. नंबरी झाडाची फांदी तोडायची तरी साहेबाचा हुकूम लागतो. साहेब फिरतीवर.

हे म्हणाले, "साहेब आले की विचारून उपटू." आठवड्याभरात मी उंबरठ्यावरचं माप ओलांडून घरात आले. सवत जागच्या जागी उभी.

मला तिचं पहिलं दर्शन झालं ते धोंडाअक्काबरोबर. अक्का बागेत निंदणी-खुरपणी करायची आणि आसपासच्या चार वस्त्यांची सुईणही तीच होती. मोकळ्या तोंडाची बाई. मला बाग दाखवायला घेऊन निघाली आणि कांडोळापाशी आल्यावर हसत म्हणाली, "हाई देख, तुनी सवत." मी बघितलं. कमरेएवढं झुडूप, जाड करडी पानं, मेणाची असावीत तशी पांढरी फुलं. फांदीला काळी पोत. माझ्या गळ्यात होती तसलीच, एकाच कासाराकडून एकाच दिवशी आणलेली. वर तो कांडोळ. थंडीत त्याला एक पान नसतं आणि साल इतकी पांढरी की झाडाला कुणी सोलून उभं केलंय असं वाटतं. मी मागे सरले. अक्कानं माझा दंड धरला.

"कसाले भिस वं पोरी? झाड शे ते. झाडले काय ठाऊक, कोन नवरा नि कोन सवत."

झाडाला ठाऊक नसेल, मला होतं. माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर दोन चांदीचे टाक होते, एक गंगाचा, एक यशोदाचा. मेलेल्या सवतीचा टाक मागून आलेलीनं घालायचा म्हणजे ती त्रास देत नाही. आंघोळीला बसले की ते दोन टाक एकमेकांवर वाजायचे. तिसऱ्या सवतीचा टाक केला नव्हता. कारण ती मेली नव्हती. आणि तिसरी मेली नाही याचा अर्थ तिसरीवर यायचं ते अजून यायचंच आहे, एवढं गणित मला, दोन इयत्ता शिकलेलीला, येत होतं.

घरातल्या भांड्यांवर नावं होती. पाणी पिण्याच्या तांब्यावर गंगाचं, परातीवर यशोदाचं. माझ्या नावाचं भांडं माहेरून एकच आलं होतं, एक फुलपात्र, तेही आत्याबाईंनी वर ठेवून दिलं होतं. भांड्यावरचं नाव वाचत वाचत मी पाणी प्यायचे. हे जेवताना मान खाली घालून जेवायचे. पहिले काही महिने यांनी माझ्याकडे धड बघितलं नाही. मी काही मागितलं तर आणून द्यायचे आणि लगेच बागेत निघून जायचे. मला वाटायचं, मी पसंत नाही. काळी म्हणून, थोराड म्हणून. रविवारी मात्र नंबरांच्या चकत्या तपासायला निघाले की म्हणायचे, "येणार?" मी मागून चालायची. झाडाजवळ थांबून हे नाव सांगायचे, माझ्याशी नाही, झाडाशीच बोलल्यासारखे. हा अंजन, हा कुसुंब, ही मोई. रुई आली की वाट बदलायचे.

माघात वाटलं, थंडीनं मरेल. तिला नव्या कळ्या आल्या.

फाल्गुनात पळस पेटला, सगळी बाग पानं टाकून बसली, आणि रुईची बोंडं उकलली. ती रेशमासारखी पांढरी म्हातारी वाऱ्यावर उडते ना, पोरं जिच्यामागे धावतात, तिनं आमचं अंगण भरून गेलं. पाण्याच्या हंड्यात, कौलांत, माझ्या ओल्या केसांत. प्रत्येक म्हातारीला खाली एक बी. म्हणजे बाई एकट्या पुरे नव्हत्या म्हणून आता शेकड्यानं पोरं सोडत होत्या. मी ती चिमटीत धरून चुलीत टाकायची. एके दिवशी चुलीपाशीच मला मळमळलं, मी परसात धावले, आणि आत्याबाईंनी आतून विचारलं, "कितवा दिवस गं?" त्यांचा आवाज आनंदाचा नव्हता. त्या देवापाशी जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

यांना त्यांनीच सांगितलं. हे ऐकून हातातली टोपी खुंटीला अडकवायला गेले, ती पडली, पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. मग टोपी तशीच टाकून बाहेर गेले.

चैत्रात कुसुंबाला कोवळी लाल पानं फुटली, इतकी सुंदर की बघवेना. सुंदर काही दिसलं की मनात यायचं, हे पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघेल. माझ्या फुलपात्रातून पाणी पिणारी पाचवी कोण असेल याचाही मी विचार करून ठेवला होता. ती गोरी असेल असं मला उगीचच वाटायचं आणि तिचा रागही यायचा.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. खानदेशातल्या लेकीबाळी आखाजीला माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला भावाचं बोलावणं आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती. गरोदर बहिणीची जबाबदारी कोण घेतो, तीही असल्या घरातली. वस्तीवरच्या मुलींनी बागेतल्या चिंचेला झोका बांधला. मला झोक्यावर बसायची मनाई होती. मी खाली बसून त्यांचे परकर वर-खाली जाताना बघत होते. उन्हाच्या झळा अशा की डोळे उघडवत नव्हते. धावडा वाळला, सालई वाळली, गवताला हात लावला तर पीठ व्हायचं. सगळ्या बागेत जमिनीलगत हिरवं असं एकच होतं. मी बसले होते तिथून ते मला दिसत होतं.

अक्काला मी विचारलं, उन्हाळ्यानं तरी ती जाईल का. अक्का तंबाखू मळत होती.

"हाई कसानी मरस? हाई तं दगडमा बी उगस."

मी रडायला लागले तेव्हा मात्र तिनं तंबाखू टाकून दिली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला मातीचा वास होता. त्या वर्षात मला जवळ घेतलेलं तेवढंच आठवतं.

श्रावणात एक नवल घडलं. सकाळी फुलं तोडायला गेले तर रुईवर अळ्या. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, जाडजूड, पानोपान. रुईच्या चिकाला गाईगुरं तोंड लावत नाहीत, पण या पठ्ठ्या ऊस खाल्ल्यागत खात होत्या. मी रोज जाऊन बघायची. अळ्या बघून इतका आनंद झालेली बाई जगात दुसरी नसेल. पाऊस असला तरी डोक्यावर घोंगडी घेऊन जायची. पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या, मग शिराही गेल्या, उघड्या काड्या उरल्या. काळी पोत पावसानं कुजून केव्हाच गळून पडली होती. अक्का म्हणाली, "बठ्ठा पानं खाई टाकात." मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आत्याबाईंनी आणखी भाकरी वाढली. त्यांनीही बघून घेतलं होतं.

मग अळ्या दिसेनाशा झाल्या, बागेत तांबूस फुलपाखरं हिंडू लागली. मला वाटलं, संपलं. आणि भादव्याच्या तोंडाला त्या काड्यांना कोंब आले, एकेका काडीला दोन दोन. त्याच वेळी पोटात बाळ ढुशी मारू लागलं. लोक म्हणतात, त्या ढुशीनं आईला सुख होतं. मला काय झालं ते खरं सांगते: मला वाटलं, रुई नि बाळ, दोघं मिळून मला जगाबाहेर काढताहेत.

भादव्यातच अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सुवासिनींची तिथी. आत्याबाईंनी गंगाच्या नावानं एक आणि यशोदाच्या नावानं एक, अशा दोन सवाष्णी जेवायला बोलावल्या. मी पानं मांडत होते. माझ्या हातून तिसरं पान मांडलं गेलं. रोजच्या सवयीनं असेल. आत्याबाई म्हणाल्या, "तिसरीचं नको, ती अजून आहे." म्हणाल्या आणि त्यांची नजर माझ्या पोटावर गेली आणि तिथून खाली जमिनीवर. मी पान उचललं.

त्या दिवशी सवाष्णी गेल्यावर आत्याबाई यांच्यावर कडाडल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "केव्हा उपटणार आहेस ती? ही गेल्यावर?"

"नंबरी झाड आहे," हे म्हणाले. "साहेबांचा हुकूम आला नाही."

"तुझ्या साहेबाच्या बायका नाही मरत."

हे उठून गेले. मला यांचा इतका राग आला की वाटलं, बायकोपेक्षा चकती मोठी असलेल्या माणसाच्या घरात मेलेलीच बरी. पण मरायचं नव्हतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती की मला मरायचं नाही, मला पुढच्या वर्षीचा कुसुंब बघायचा आहे, आखाजीला झोक्यावर बसायचं आहे, माझ्या नावाच्या फुलपात्रातून एकदा पाणी प्यायचं आहे.

कार्तिक सरता सरता दिवस भरत आले. आता मीच करायचं, असं ठरवलं. एके पहाटे उजाडता उजाडता विळा पदराखाली घेतला आणि निघाले. थंडी होती, गवतावर दंव, बागेत धुकं. माझ्या अवजड चालीनं पावलापावलाला धाप लागत होती. कांडोळाचं पांढरं खोड धुक्यातून दिसलं आणि त्याच्या खाली कुणीतरी वाकलेलं दिसलं. मी किंचाळणार होते. मग ओळखलं. हे होते. खांद्यावर धाबळी, हातात तांब्या. रुईच्या बुंध्याशी आळं केलेलं होतं, आणि हे त्यात धार धरून पाणी घालत होते.

रुईला पाणी. वाळवंटात वाढणाऱ्या झाडाला. सगळ्या झाडांची नाडी जाणणारा माणूस, आणि थंडीच्या दिवसांत रुईला पाणी घालत होता. आळं जुनं होतं, कडा टणक झालेल्या. म्हणजे हे रोजचं होतं.

यांनी मला पाहिलं, मग विळा पाहिला. मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "तुम्हाला मी मेलेली चालेल, पण ही नको."

यांनी तांब्या खाली ठेवला. तो गंगाच्या नावाचा तांब्या होता.

"साहेबाला मी विचारलंच नाही," हे म्हणाले. "तो केव्हाच आला नि गेला."

"का?"

हे धाबळीत हात घालून उभे, आणि धाबळी हलत होती. थंडीनं नव्हे. माझे हात गेलं वर्षभर तसेच हलत होते, मला ते चांगलं ओळखता येत होतं.

"माझ्याशी लग्न लागलं की बायको मरते," हे म्हणाले. "दोनदा झालं. म्हणून म्हटलं, हिला उपटायची नाही. ही तिसरी आहे ना, मग ही जगली पाहिजे. एक तरी माझ्या हाताला जगलेली बघू दे. ही जगली तर तू जगशील, असं मी धरून बसलोय. रोज सकाळी येऊन आधी हिला बघतो. मग घरी येऊन तुला बघतो, श्वास चालतोय का."

मला हसू आलं की रडू, मला आता आठवत नाही. एकाच झुडपाकडे दोघंही वर्षभर जीव मुठीत धरून बघत होतो. मी ते मरावं म्हणून आणि हे ते जगावं म्हणून. आणि एका घरात राहून एकमेकांना सांगितलं नाही. यांनी माझ्याकडे का बघितलं नाही तेही त्या क्षणी कळलं. जीव लावायला भीत होते. पसंतीचा प्रश्नच नव्हता.

कुणाचं खरं, हे कोण सांगणार? शास्त्र माझ्या बाजूनं होतं. पण विळा उचलायला हात उठेना. तिला कापली तर हा माणूस उभ्या उभ्या कोसळेल हे मला दिसत होतं. मी विळा गवतात ठेवला आणि म्हटलं, "उरलेलं पाणी घाला. दंव पडतंय, मला घरी जायचंय." यांनी घातलं. परत येताना पहिल्यांदा हे माझ्या मागून नाही, पुढून नाही, शेजारून चालले. भीती काडीचीही कमी झाली नव्हती. फक्त आता ती दोघांची होती.

मार्गशीर्षात कळा सुरू झाल्या त्या सकाळी. यशोदाची खोली तीच बाळंतिणीची खोली. दुपार झाली, कळा येत होत्या नि जात होत्या, बाळ पुढे सरकत नव्हतं. आत्याबाई मारुतीला गेल्या त्या आल्याच नाहीत. मी छताकडे बघत होते. यशोदानं शेवटी हेच वासे पाहिले असतील, याच वाशाला ही गाठ असेल. बाहेर बागेच्या गड्यांनी पऱ्हाटी पेटवून वांगी भाजायला घातली होती. तो वास कौलांतून आत आला. मला वाटलं, मी इथे मरतेय आणि लोक भरीत खाणार आहेत. उद्याही खातील. या विचारानं जी भीती वाटली, तशी कळांनीही वाटली नव्हती.

दाराबाहेर हे बसले होते. माझ्या प्रत्येक ओरडण्याबरोबर दाराची कडी वाजायची. यांनी ती हातात धरली होती. शेवटी अक्का वैतागून बाहेर डोकावली. तिचा आवाज मला ऐकू आला.

"भाऊ, तू आठे बसू नको. जाय, तुना झाडले पानी घाल."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. कडी वाजायची थांबली. पावलं अंगणातून धावत गेली. हा माणूस धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटले, गंगाचा तांब्या, ते आळं, ती धार डोळ्यांपुढे आणली, आणि माझं तोंड आपोआप बोललं, जग गं बाई, जग. मरू नको. वर्षभर जिच्या मरणाची वाट पाहिली तिला मी हे म्हणत होते. अक्का म्हणाली, "आते जोर लाव." ऊन कलताना सुशी झाली. तिच्या आधी मी रडले.

हे परत आले तेव्हा पायाला चिखल होता. आत यायची रीत नव्हती. दारातून म्हणाले, "आहे का?" मुलगी आहे का मुलगा, असं नाही. आहे का. मी म्हटलं, "आहे." माझा आवाज ऐकून हे भिंतीला टेकले ते तसेच खाली बसले.

पुढे मला आणखी दोन मुलं झाली. दर वेळी मी तितकीच भ्याले. बदली झाली नाही, म्हणून पेन्शन होईपर्यंत हे रोज सकाळी तांब्या घेऊन जात. गावात राहायला आल्यावरही आठवड्यातून दोनदा जात. पावसाळ्यातही. लोक हसायचे. हे गेले त्याला दोन वर्षं झाली, अंथरुणात, माझा हात हातात असताना. यांच्या चौघींपैकी दोघी यांना पोचवायला मागे राहिल्या. मी बांगड्या उतरवल्या. तिच्या पोतीचं तर मातेरं केव्हाच झालं होतं.

त्यानंतर मी बागेत पाऊल टाकलं नव्हतं. परवा तो वास आला आणि काल राहवेना म्हणून गेले. फाटक मोडलं आहे. लढाईत लाकूड हवं म्हणून सरकारनं अंजन, धावडे तोडून नेले. बुंधे तेवढे आहेत, काहींवर चकत्या अजून ठोकलेल्या, झाड नाही नि नंबर आहे. मी कशी चालले मला माहीत नाही. वाटेभर एकच धास्ती, ती नसेल. वीसेक वर्षांपूर्वी याच वाटेनं मी ती नसावी म्हणून जात होते. कांडोळ दिसला, पांढरा, उघडा. आणि खाली ती. बुंधा मनगटाहून जाड झालाय, दोन फांद्या वाळल्यात, तिसरीवर फुलं. आळं बुजून गेलं होतं. मी हातानं माती उकरून पुन्हा केलं. पाणी नव्हतं बरोबर. त्याची मला इतकी चुटपुट लागली की घरी येऊन जेवण गेलं नाही.

आज पहाटे उठले. तांब्या भरून घेतला, गंगाचाच, आता त्याला पोचे पडलेत. दार उघडायला गेले तर सुशी जागी. अंथरुणात बसून होती, पोटावर हात ठेवून. केव्हापासून बसली होती कोण जाणे.

"एवढ्या थंडीत पाणी घेऊन कुठे?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तुळशीला, देवाला, काहीही.

"तुझ्या मोठ्या आईकडे," मी म्हटलं. "वाटेत सांगते, विश्वास नाही बसायचा. परवा खोटं बोलले मी, सुशे. तुझ्या वेळी भीतीनं माझं पाणी पाणी झालं होतं. आताही होतंय."

ती हसेल असं मला वाटलं. ती उठली, भिंतीला धरून, सावकाश. माझ्या हातातला तांब्या तिनं घेतला.

"माझंही," म्हणाली, आणि अंधारात पायानं चपला चाचपू लागली.